दोन दारं सोडून

रुखमा गभने सातवी शिकली आहे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती शहापुरात आली. आता तिला चव्वेचाळिसावं लागलं. मधल्या पंचवीस वर्षांत ती आपल्या भासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

भांडण नव्हतं. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्याशी बोलायचं नसतं, एवढंच. त्याच्यासमोर बसायचं नाही. त्याच्या अंगावर आपली सावली पडू द्यायची नाही. त्याचं नाव तोंडात आणायचं नाही. शेजारच्या घरी यादव नावाचा पोरगा आहे. रुखमा त्याला जन्मापासून 'वरच्या घरचा' म्हणते, कारण भासऱ्याचं नाव यादोराव. गावातल्या नव्या सुनांनी हे सगळं कधीच सोडलं. त्या भासऱ्याला मोबाइलवर सकाळचे नमस्कार पाठवतात. रुखमानं हाती घेतलेलं सोडलं नाही.

घर एक, चूल एक. सांगायचं झालं तर ती भिंतीला सांगायची. "जेवाले वाढलं म्हनावं," असं चुलीकडे तोंड करून म्हणायची आणि यादोराव पाट ओढून बसायचे. त्यांना काही हवं असलं तर ते अंगणातल्या गाईशी बोलत. "आंघोळीचं पानी तापलं का नाही, कोनास ठाऊक." गाईनं कधी उत्तर दिलं नाही, पण पाणी यायचं.

नऊ वर्षांपूर्वी धान कापायच्या दिवसांत रुखमाच्या नवऱ्याला, सेवकरामला, बांधीत, धानाच्या शेतात, मण्यार चावली. जीपनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. लेकरू नव्हतं. तेराव्याला माहेरचे न्यायला आले, तेव्हा यादोराव ओसरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की हे घर तिचं आहे, जायचं की राहायचं तिनं ठरवावं. रुखमा राहिली. सेवकरामच्या वाट्याची दीड एकर बांधी ती दरसाल रोवते. सेवकरामबद्दल त्या घरात उरलेला भाऊ आणि सेवकरामची विधवा कधी बोलले नाहीत. बोलायची सोयच नव्हती.

मागच्या दिवाळीत यादोरावांचा आवाज बसला. चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला माणूस. खोकला असेल म्हणून महिना गेला. मग नागपुरात तपासणी झाली आणि गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी मशीनवरचे तेहतीस शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितले. शनिवार-रविवार सोडून रोज एक. मध्ये खंड नको, असं त्यांनी दोनदा बजावलं. खंड पडला की गाठीला जोर येतो.

शहापूर हमरस्त्यावर आहे. नागपूरची एसटी दारावरूनच जाते. यादोराव दुसऱ्याच्या घरी झोपत नाहीत, त्यामुळे नागपुरात राहायचा प्रश्न नव्हता. रोज जायचं, रोज यायचं. पण सोबत कोण?

मुलगा मनिष पुण्याला कंपनीत. तो आठ दिवसांची सुटी काढून आला, आणि त्यानंच मेट्रोची वाट दाखवली. पारडीला एसटीतून उतरायचं, प्रजापती नगरच्या स्टेशनातून मेट्रो धरायची, सीताबर्डीला गाडी बदलायची, तिथून चौथं स्टेशन छत्रपती चौक. दवाखाना तिथून जवळ. आधी एक दिवस त्यांनी ऑटो केला होता. ऑटोच्या प्रत्येक हिसक्याला यादोरावांनी गळा हातानं धरला होता. मेट्रोत हिसका नव्हता. शेकलेल्या गळ्याला तेवढंच पुरे होतं.

मनिष परत गेल्यावर यादोरावांची बायको रंभाबाई दोन दिवस गेली. सरकत्या जिन्यावर तिनं पहिलं पाऊल ठेवलं आणि दुसरं ठेवायचं राहिलं. ती बसूनच वर गेली, लुगडं सावरत, आणि वर पोरं हसली. लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरा होई. साध्या जिन्याला गुडघे तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी मरून जाईन पन त्या गाडीत नाही जात." मग ती रुखमाकडे बघत राहिली. रुखमानं डबा भरायला घेतला.

पहिल्याच दिवशी अडचणी कळल्या. लिफ्ट म्हणजे बंद खोली. त्या खोलीत भासऱ्यासोबत कसं उभं राहणार? यादोराव लिफ्टनं वर गेले. रुखमा जिन्यानं गेली, उन्हातून, पिशवी घेऊन. वर ते पाठ करून उभे होते. ती पोचल्याचं त्यांना पावलांवरून कळलं असावं. ते वळले नाहीत, पुढे चालू लागले.

एसटीत बरं असतं. ते पुढच्या सीटवर, ती मागच्या. मेट्रोत बाकं डब्याच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब, माणसं समोरासमोर. कुठंही बसलं तरी कुणाच्या तरी तोंडासमोर. रुखमानं एक तोड काढली. यादोराव चढले, बसले, की ती दोन दारं सोडून चढायची आणि त्यांच्याच बाजूच्या बाकावर बसायची. म्हणजे समोर येणं नाही. वाकून पाहिलं तर त्यांच्या चपलेचा अंगठा दिसायचा. उतरायचं स्टेशन एकावर आलं की ती उठून आपल्या दाराशी उभी राहायची. तिच्या लुगड्याची हालचाल त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे. मग ते उठत. शेकानं त्यांच्या कानांत दडे बसले होते, गाडीत स्टेशनांची नावं सांगणाऱ्या बाईचा आवाज त्यांना नीट येत नव्हता. स्टेशनाच्या पाट्या वाचायची त्यांना गरजच पडली नाही. रुखमा उठली की स्टेशन.

पाचव्या की सहाव्या दिवशी एक मुलगी हातात टॅब घेऊन आली. लोक मेट्रो कशासाठी वापरतात, काय आवडतं, काय अडतं, हे ती विचारत होती. रुखमाच्या शेजारचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, तिकीट अर्धं पडतं. पलीकडची नोकरदार बाई म्हणाली, रात्री परतताना भीती वाटत नाही. एक म्हातारा म्हणाला, गार हवा. मुलगी रुखमाकडे आली. भाडं, वेळ, सुरक्षा, स्वच्छता, अंतर, तिनं सगळं वाचून दाखवलं. यातलं काय अडतं, काकू? रुखमानं विचार केला. तिचं जे अडत होतं ते त्या यादीत नव्हतं. "काही नाही अडत," ती म्हणाली. मुलीनं तसं नोंदवलं.

पंधरा शेक झाले. यादोरावांच्या गळ्याची कातडी काळी पडली, मग सोलली. ते गळ्याभोवती धुतलेला दुपट्टा सैल गुंडाळत. भात गिळवेना. रुखमा तांदळाची पातळ पेज करून थर्मासात न्यायची आणि दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवून बाजूला व्हायची. अठराव्यानंतर तोंड इतकं आलं की डॉक्टरांनीच दोन दिवस थांबवलं. पुन्हा सुरू करताना ते म्हणाले, आता मात्र एकही दिवस चुकवायचा नाही. हे ते रुखमाला म्हणाले. यादोराव तेव्हा कपडे बदलत होते.

आवाज पूर्ण गेला होता. गाईशीही बोलणं थांबलं.

चोविसाव्या शेकाचा दिवस. सोमवार होता. सीताबर्डीला कसलीशी भरती होती, पोरांची झुंबड. गाडी आली. यादोराव आपल्या दारानं चढले. फाईल काखेत, दुपट्टा गळ्याला. रुखमा थांबली, रोजच्यासारखी. ते बसले की चढायचं. पण बसायला जागा नव्हती, ते उभेच राहिले, आणि ती त्यांच्या बसण्याची वाट पाहत राहिली. मग ती दोन दारं पलीकडे धावली. दारात पोरं गच्च. शिटी वाजली. दार तिच्या नाकासमोर मिटलं.

काचेतून तिला त्यांची पाठ दिसली. हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेलं असतं, पोरांनी सांगितलं असतं. हाक मारायला तिच्याकडे शब्द नव्हता. पंचवीस वर्षांत तिनं त्यांना काही म्हटलंच नव्हतं. गाडी गेली.

त्यांचा मोबाइल तिच्या पिशवीत होता. पाणी, पेज, गोळ्या, पैसे, सगळं तिच्याकडे. त्यांच्याकडे फक्त फाईल.

पुढच्या गाडीनं ती छत्रपती चौकात उतरली. फलाटावर ते नव्हते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग तिला कळलं. ती दाराशी दिसली नाही, म्हणून ते उतरले नाहीत. स्टेशन अजून आलं नाही असं समजून ते गाडीतच आहेत.

फलाटावर गणवेशातली एक मुलगी होती. छातीवर नावाची पट्टी, रिता. रुखमा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की आमचं माणूस गाडीत पुढं गेलं, बिमार आहे, बोलता येत नाही.

रितानं पटापट विचारलं. वय किती, कपडे कोणते, कुठल्या डब्यात. रुखमानं सांगितलं. धोतर, पांढरी बंडी, गळ्याला दुपट्टा, मधला डबा.

"नाव?"

रुखमानं गाडी गेली त्या दिशेला बोट दाखवलं.

"काकू, नाव सांगा ना. कोन लागतात तुमचे?"

"भासरे."

"म्हणजे जेठ? बरं. नाव काय जेठजींचं?"

"मनिषचे बाबा," रुखमा म्हणाली.

"मनिषचे बाबा म्हणून फोनवर सांगू का मी?" रिता वैतागली होती. "पंचवीस जन असतील मनिषचे बाबा."

रुखमानं पिशवीतून एसटीचं तिकीट काढलं, रिताच्या खिशातला पेन मागितला आणि तिकिटाच्या मागं लिहिलं. यादोराव सीताराम गभने, मु. शहापूर. लिहायला मनाई नव्हती. निदान तशी मनाई कुणी सांगितलेली नव्हती. रितानं ते वाचलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वायरलेसवर बोलायला लागली. नंतर फोनवर. बारा वाजून गेले होते. शेकाची वेळ बाराची.

खापरीहून उत्तर आलं. शेवटचं स्टेशन. गाडी रिकामी झाली तरी एक म्हातारे बुवा उतरायला तयार नाहीत. दांडा धरून उभे आहेत. नावानं हाक मारली तर ओ देत नाहीत. फाईल दाखवा म्हटलं तर फाईल छातीशी घट्ट धरतात आणि दुसऱ्या टोकाच्या दाराकडे बोट दाखवतात.

त्या दाराशी कोण असायला हवं होतं, हे रुखमाला कळलं.

रितानं फोन तिच्यापुढे धरला. म्हणाली, काकू, तुम्हीच बोला, ते फोन त्यांच्या कानाला लावून देतील, तुमचा आवाज ओळखतील. रुखमानं मान हलवली. नाही. रिता तशीच फोन धरून उभी राहिली. पलीकडून कुणीतरी म्हणत होतं, लवकर सांगा, गाडी परत सोडायची आहे.

रुखमानं फोन घेतला. डोईवरचा पदर पुढं ओढला. तिथं पाहणारं कुणी नव्हतं, तरी ओढला.

"मी रुखमा," ती म्हणाली.

पलीकडून श्वास ऐकू येत होता, घरघर करणारा.

"मी मागंच राहून गेली. उतरा आता. तिथं बाकावर बसा. मी येऊन राहिली."

पुन्हा घरघर. मग कुणीतरी दुसरा माणूस म्हणाला, उतरले हो.

तिनं फोन परत दिला. रितानं पाण्याची बाटली पुढे केली. ती रुखमानं घेतली नाही. तिला आता फक्त पुढची गाडी हवी होती.

खापरीच्या फलाटावर ते बाकावर बसले होते. फाईल मांडीवर. ऊन सरळ डोक्यावर आणि फलाट रिकामा. ती समोर जाऊन उभी राहिली. बाजूनं जायला जागा होती, पण ती समोर गेली. यादोरावांनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ते बराच वेळ पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेकानंही येत असे, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

"पेज घेता का थोडी?" रुखमानं विचारलं. भिंतीला नाही, त्यांना.

त्यांनी मान हलवली आणि फाईलवर बोट ठेवलं. आधी शेक.

ती लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत गेली. आत तिनं त्यांचं कोपर धरलं. दवाखान्यात त्यांचा नंबर गेला होता. मशीन एक, माणसं साठ. मशीनवरचा मुलगा म्हणाला, शेवटी घेतो, पण सगळे संपेपर्यंत थांबावं लागेल. ते थांबले. साडेचारला चोविसावा शेक झाला. तो मुलगा बाहेर येऊन हे सांगेपर्यंत रुखमा खुर्चीच्या कडेवर बसून होती.

घरी पोचल्यावर तिनं रंभाबाईला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, असं तिला वाटलं. कोपर धरलं तेही सांगितलं. रंभाबाई लसूण सोलत होती. ती सोलत राहिली. गड्डी संपल्यावर तिनं विचारलं, "बोलले का ते तुझ्यासंगं?"

"आवाज कुठं आहे त्यायले, बाई."

"मले तर पाहातबी नाही आजकाल," रंभाबाई म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून पडते." मग म्हणाली, "बरं केलं तू. मी असती तर फलाटावरच बसून रडली असती."

दुसऱ्या दिवसापासून यादोराव गाडीच्या दारात थांबू लागले. वळून, दाराला टेकून, लोकांचे धक्के खात. रुखमा चढली की मग आत. ती त्यांच्या बाजूला बसू लागली, मध्ये एक जागा सोडून. पारडीला एसटीत बसलं की ते पुढं, ती मागं. शहापुरात उतरलं की तिचा पदर डोईवर आणि ती दहा पावलं मागं. गावाला काही कळलं नाही. पुढचे नऊ शेक असेच झाले. एकही चुकला नाही.

उन्हाळ्यात गळ्याची कातडी भरून आली. आवाज थोडा परतला, पातळ, फाटलेला. गाठ गेली की नाही हे डॉक्टर तीन महिन्यांनी सांगणार होते. त्या तपासणीसाठी मनिष पुण्याहून गाडी घेऊन आला. नवी घेतली होती. सीटवरचा प्लास्टिकचा कागदही काढला नव्हता. सकाळी त्यानं ती पुसून अंगणात लावली. एसी लावून ठेवला, बाबांना गार वाटावं म्हणून.

यादोराव धोतर नेसून बाहेर आले. गाडीकडे त्यांनी पाहिलं. मग फाईल काखेत घेऊन रस्त्याकडे चालू लागले, एसटीच्या थांब्याकडे. मनिष मागं धावला. काहून बाबा, त्यानं विचारलं, दारापासून दारापर्यंत नेऊन राहिलो ना मी तुमाले. यादोराव थांबले. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "मेट्रोनं जातो," म्हणाले. "काकूले पाठव."

मनिषला वाईट वाटलं. त्यानं ते आईला बोलून दाखवलं. रंभाबाई म्हणाली, सवय पडली असन. गाडी दिवसभर अंगणात उभी राहिली.

त्या दिवशी मेट्रोत गर्दी नव्हती. सीताबर्डीला गाडी बदलून ते बसले. या वेळी मध्ये जागा सोडलेली नव्हती, कारण यादोरावांचा आवाज एका सीटपलीकडे पोचत नव्हता. काँग्रेस नगर गेलं. त्यांनी घसा साफ केला, दुखलं म्हणून थांबले, आणि सेवकरामचं नाव घेतलं.

रुखमानं हातातली पिशवी पायाशी ठेवली.

ते म्हणाले की त्या दिवशी जीपमध्ये ते ड्रायव्हरजवळ पुढं बसले होते. मागं ती आणि सेवकराम. तिचा आवाज त्यांना ऐकू येत होता. ती त्याला उठवत होती. "तुह्या डोक्यावर पदर नव्हता," ते म्हणाले. "बांधीतून तशीच धावत आली होतीस. म्हनून मी मागं पाह्यलं नाही. भंडाऱ्यापर्यंत नाही पाह्यलं. माहा भाऊ जाऊन राहिला होता अन् मी समोरचा रस्ता पाहात होतो."

एवढं बोलून त्यांचा आवाज संपला. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

रहाटे कॉलनी आली, दारं उघडली, मिटली. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला बिस्किट भरवत होती.

रुखमानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. त्या जीपमध्ये मागं सेवकरामजवळ ती एकटीच होती आणि तिथं जे बोलणं झालं ते नऊ वर्षं तिच्यापाशीच होतं.

"त्यायनं विचारलं होतं," ती म्हणाली. "दादा आहे का म्हने. मी त्यायच्या कानात म्हनलं, आहेत, समोर बसले आहेत. मग त्यायनं डोळे मिटले. मंग त्रास नाही झाला त्यायले."

यादोरावांनी मान खाली घातली. अजनी गेलं. गाडीतली बाई पुढच्या स्टेशनाचं नाव सांगत होती. रुखमानं त्यांच्या मांडीवरची फाईल उचलली आणि दोघं एकाच दाराशी जाऊन उभे राहिले.